काका, ह्यात बोलायचं कुणाशी?

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा. राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, शिफ्टची. लहानपणी टीव्ही गेमवर 'काँट्रा' आणि 'मारिओ' खेळलो. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून 'आयजीआय', 'व्हाइस सिटी', 'काउंटर स्ट्राइक', 'क्रिकेट ०७'. तेव्हा खिशात पैसे नसायचे. कमवायला लागलो की सगळे गेम घ्यायचे, असं ठरवलं होतं. गेल्या दिवाळीच्या बोनसमधून प्लेस्टेशन घेतला. आतापर्यंत नऊ गेम विकत घेतले, एकही पुरा केला नाही. दोन तास खेळतो आणि बंद करतो. चित्रं डोळ्यांत मावत नाहीत इतकी सुंदर असतात, पण मन लागत नाही. मोठा नकाशा, त्यावर शंभर खुणा, इथं जा, तिथं जा, हे आण, ते दे. कंपनीतलं काम घरी घेऊन आल्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे आमचं घर एकत्र. थोरल्या भावाचा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. तो दिवसभर मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा लढाईचा गेम खेळतो. मी मोठ्या हौसेनं त्याला माझ्या कन्सोलवर बसवलं. बसल्या बसल्या त्यानं लेव्हल 'इझी' केली, आणि अर्ध्या तासानं म्हणाला, "काका, ह्यात बोलायचं कुणाशी?" आणि उठला. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुम्हा पोरांना गेम म्हणजे काय तेच कळलं नाही. सगळं सोपं पाहिजे. मेलं की नवीन मॅच." तेव्हापासून तो माझ्या खोलीत येत नाही. बायको म्हणते, आता वय झालं तुमचं, विकून टाका तो. खरंच माझी आवड मेली का? की हल्लीचे गेमच वाईट आहेत?

— राजारामपुरीतला एक गेमर

भावा,

तू ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते. कन्सोल विकू नकोस.

तुझं पत्र वाचून मला आधी मिसळ आठवली. आपल्याकडं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात. नोकरीसाठी मुंबईला गेलेला कोल्हापूरकर तिथं मिसळ मागवतो, समोर पाव येतो आणि पहिल्या घासाआधीच त्याचं तोंड उतरतं. रस्सा कसा जमलाय हे त्यानं अजून चाखलेलंही नसतं. लहानपणी जी सवय लागली ती नुसत्या तिखटाची नव्हती. ती ब्रेडची होती, त्या बाकड्याची होती, शेजारी कोण बसायचं त्याची होती. तू नऊ गेम घेतलेस आणि नऊही वेळा उठलास. आवड मेलेल्या माणसानं तिसऱ्या गेमनंतर पैसे घातले नसते. तू काहीतरी शोधतोयस. काय शोधतोयस ते तुझं तुलाच नीट सांगता येत नाहीये, म्हणून दुकानात जे समोर दिसतं ते घरी आणतोयस.

माझं सांगते. १९९६ च्या सुट्टीत वडिलांनी मला शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. तिथं डॉस शिकवायचे. सर चहाला गेले की एक मुलगा दप्तरातून फ्लॉपी काढायचा आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू व्हायचा. अंधाऱ्या तळघरात पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र. कडेपाशी शिफ्ट दाबून धरायचं आणि एकेक पाऊल टाकायचं. खाली सुळे आहेत का बघायचं. उडी कमी पडली तर शिफ्ट सोडायचं नाही, म्हणजे तो पलीकडच्या कडेला बोटांनी लोंबकळतो. आमच्या मशीनवरचं शिफ्टचं बटण इतकं झिजलं होतं की त्यावरची अक्षरं गेली होती. त्या राजपुत्राला वजन होतं. पळता पळता थांबवला तर लगेच थांबायचा नाही, थोडा पुढं घसरायचा. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की हा गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं होतं, त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक चौकट काढून ही चाल बसवली होती. १९८९ साली तो गेम आला. मला त्या क्लासमध्ये यातलं काही ठाऊक नव्हतं, पण एका खऱ्या मुलाच्या अंगाचं वजन माझ्या बोटांना कळलं होतं.

आजही कुठलाही नवा गेम लावला की मी आधी त्यातलं माणूस पळवते आणि एकदम थांबवते. जागच्या जागी खिळल्यासारखं थांबलं की माझं मन तिथंच थोडं उतरतं. गोष्ट, संगीत, चित्रं सगळं नंतर. याच्यात माझी काही हुशारी नाही, एका बटणानं लावलेली सवय आहे. पण ती सवय आहे हे कळल्यापासून मला गेम निवडताही येतात आणि दुसऱ्याचा गेम वाईट म्हणण्याआधी जरा थांबताही येतं.

आता तुझ्या यादीकडं येते. 'व्हाइस सिटी' लिहिलंयस. खरं सांग, त्यातली मिशन किती पुरी केलीस? कॅफेतल्या पोरांना मी खेळताना पाहिलंय. कीबोर्डवर 'पॅन्झर' टाइप करायचं, समोर रणगाडा उभा. रणगाड्याचा कंटाळा आला की मोटारसायकल, रेडिओ चालू, आणि समुद्राच्या कडेकडेनं नुसतं हिंडायचं. १९८६ सालातलं ते शहर, संध्याकाळी गुलाबी होणारं आकाश. त्यातल्या नायकाचं, टॉमीचं, भांडण कुणाशी होतं हे कितीतरी जणांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. गोष्ट पुढं गेली नाही म्हणून कुणाचं अडलंही नाही. पंधरा रुपयांचा तास संपेपर्यंत आपल्याला कुणी काही सांगणार नाही, हीच त्यातली मजा होती.

मग आज तू 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मोकळं हिंडायचं जग, हा शब्द वाचून गेम घेतोस आणि घरी आणल्यावर त्यातून शंभर कामांची यादी निघते. दिवसभर तुझा सुपरवायझर तुला टार्गेट देतो. रात्री अकरा वाजता टीव्हीनंही तेच द्यावं आणि तुझं मन रमावं, हे कसं होईल? तुला नकाशा लहान असला तरी चालतो, हुकूम सोसत नाही. आहेत त्या नऊ गेममधले जे हिंडायचे असतील त्यांच्या सेटिंगमध्ये जा. पुष्कळ गेममध्ये कोपऱ्यातला नकाशा, बाण, खुणा बंद करायची सोय असते. सगळं बंद कर आणि एक संध्याकाळ कुठलंही काम न करता नुसता फीर. त्यातला एखादा तरी तुला वेगळा वाटेल, असं मला वाटतं. आणि २०१९ मधला 'आउटर वाइल्ड्स' मिळाला तर बघ. छोटंसं अंतराळयान, थोडे ग्रह, आणि दर बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. हातात काही जमत नाही, शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही. तुला जे कळलं तेवढंच तुझ्याबरोबर पुढं येतं. कुठं जायचं हे तो गेम सांगत नाही.

'क्रिकेट ०७' बद्दल फार लिहीत नाही. २००६ च्या शेवटी तो आला आणि त्यानंतर तो काढणाऱ्या कंपनीनं क्रिकेटचा गेमच काढला नाही. पोरांनी स्वतः नवे खेळाडू, नवे कपडे त्यात घालून तो चालू ठेवला. जुन्या चवीला टक्कर द्यायला नवं काही आलंच नाही, तर ती जाणार कुठं?

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाहीये, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. त्या कॅफेत तू एकटा कधीच नव्हतास. एका मशीनवर चौघं. एकाच्या हातात कीबोर्ड, एकाकडं माउस, दोघं पाठीमागं उभे. "उजवीकडं, उजवीकडं बघ की!" 'काउंटर स्ट्राइक'च्या 'डस्ट टू' नकाशात तुला कुणी मारलं की त्याचं हसणं तुला लाकडी फळीच्या पलीकडून ऐकू यायचं. तास संपला की सायकली काढून रंकाळ्यावर, आणि भेळ खाताना तोच डाव तोंडानं पुन्हा खेळायचा. आता दुसरी शिफ्ट करून येतोस, घर झोपलेलं असतं, टीव्हीचा आवाज बारीक करतोस आणि एकटा बसतोस. गेम कितीही चांगला असला तरी पाठीमागं "बघ की" म्हणणारं कुणी नसतं. ती रिकामी जागा तू नऊ वेळा गेमनं भरायला गेलास.

तुझ्या पुतण्यानं अर्ध्या तासात नेमकं तेच विचारलं. "काका, ह्यात बोलायचं कुणाशी?" तू ते उद्धटपणाचं समजलास. मला तो प्रश्न इतका खरा वाटला की तोच मी या उत्तराच्या माथ्यावर घातलाय. गेम म्हणजे काय याची त्याची समजूत आत्ता, याच वर्षी घडतेय, आणि त्या समजुतीत कानात मित्रांचा आवाज असतोच. बीजीएमआयमध्ये शंभर जण विमानातून उतरतात, त्यात आपले चौघे, आणि वर्तुळ आवळत येतं. "डाव्या घरात दोघं आहेत, हलू नको." बाकडं, फळी आणि सायकली काढून टाक, मागं जे उरतं ते तुझं कॅफेच आहे.

आणि तू म्हणालास, "मेलं की नवीन मॅच." तू कधी त्याच्या शेजारी बसून अख्खा डाव पाहिलायस का? 'आयजीआय'मध्ये मिशनच्या मधे सेव्ह नव्हतं. अर्धा तास सरपटत आत जायचं, कॅमेरे चुकवायचे, आणि एका पहारेकऱ्यानं बघितलं की पुन्हा कुंपणाबाहेर. त्यामुळं तुमच्या पिढीला आधी दुर्बीण काढून माणसं मोजायची सवय लागली. त्या पोराच्या गेममध्येही मधे सेव्ह नाही. वीस मिनिटं गवतात पडून राहायचं, पावलांचा आवाज कोणत्या कानात येतोय ते ऐकायचं, गाडी लांब सोडून चालत यायचं म्हणजे इंजिन ऐकू जाणार नाही. जी गोष्ट तू दुर्बिणीतून शिकलास ती तो हेडफोनमधून शिकतोय. तो गवतात का लपून बसतो हे त्या घरात तुझ्याइतकं कुणालाच समजणार नाही. त्याची आई म्हणेल मोबाइल ठेव, वडील म्हणतील अभ्यास कर. "बरोबर केलंस, आत्ता उठू नको" म्हणू शकणारा एकच माणूस आहे, आणि त्यानंच त्याला दुखावलं.

'इझी' लेव्हलचंही तेच. याबद्दल तुझ्या मनात जो कडूपणा आहे तो 'काँट्रा'नं घातलाय. तीन जीव, गोळी लागली की गेला. पण तो कडकपणा आला कुठून, बघ. 'काँट्रा' १९८७ साली आधी नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला. त्या मशीनवर माणूस लवकर मेला तरच पुढचं नाणं पडायचं. ते गेम अवघड असण्यामागं धंद्याचा हिशेब होता, तिथूनच ती रीत घरच्या टीव्हीवर आली. आणि तीस जीव देणारा तो क्रम तुला अजून पाठ असेल: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो क्रम पहिल्यांदा १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये आला. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरनं तो घातला, कारण गेम तपासताना त्याला स्वतःलाच तो फार अवघड जात होता. करणाऱ्यालाच जिथं मदत लागली, तिथं तेरा वर्षांच्या पोरानं नवा कंट्रोलर हातात घेऊन सोपी लेव्हल निवडली तर त्याचं काय चुकलं? २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये तर गेमचा वेग कमी करायची सोय करणाऱ्यांनीच उघडपणे दिलीय, आणि डोंगर चढायचा तो खेळ मुळात चांगलाच अवघड आहे.

तरी तुझी एक तक्रार मला पुरती मान्य आहे आणि तिथं मी तुझ्याच बाजूची आहे. आपले गेम संपायचे. हल्लीच्या बऱ्याच गेमना शेवटच ठेवलेला नसतो. रोज हजेरी लावली की बक्षीस, सीझन संपायच्या आत अमुक केलं नाही तर गेममधले ते कपडे पुन्हा मिळणार नाहीत, पास विकत घे, पैसे टाकून नशिबाची पेटी उघड. खेळणाऱ्याला मजा यावी यापेक्षा तो उद्याही यावा यासाठी बांधलेली ही यंत्रणा आहे आणि तेरा वर्षांच्या मुलावर ती सोडलेली पाहून मला राग येतो. तो "दिवसभर" खेळतो असं तू लिहिलंस. अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तास, अशी मर्यादा बीजीएमआयनंच घातलेली आहे. दिवसभर चालत असेल तर खातं कुणाच्या वयावर उघडलंय, ते दादा-वहिनींना बघायला सांग. कार्ड किंवा यूपीआय त्या मोबाइलला जोडलेलं आहे का तेही बघायला सांग. पण हे तू त्याच्याशी बोलायचं ते नंतर. आधी त्याचा गेम त्याच्याकडून शीक. ज्या काकानं आपला गेम कधी खेळून पाहिला नाही, तो पेट्यांबद्दल काय सांगतो हे कुठलंही पोर ऐकणार नाही.

म्हणून या रविवारी त्याच्याकडं जा. "मी त्या दिवशी चुकीचं बोललो," एवढं स्पष्ट म्हण. त्याला जोडून पुढं "पण" लावू नकोस. मग तुझ्या मोबाइलवर तो गेम घे आणि म्हण, मला तुमच्या चौघांत घ्या. पहिले काही डाव तू उतरल्या उतरल्या मरशील. ते तुझ्यावर हसतील, आणि ते हसणं तुला लाकडी फळीपलीकडून ऐकलेलं वाटेल.

तुझ्यासाठी एक काम देते. वहीत तीन ओळी लिही. गेमची नावं लिहू नकोस, क्षण लिही. 'पस्तीस मिनिटांनी शेवटचा पहारेकरी गेला आणि चौघं एकदम ओरडलो', असं. मग त्या प्रत्येक ओळीत खरं काय होतं ते शेजारी लिही. धीर, हिंडणं, मित्र, भीती, जे असेल ते. पुढचा गेम त्या वहीवरून घ्यायचा, जाहिरातीवरून नाही. एकट्यानं रात्री बसायचं असेल तर लांबलचक काही नको. २०१६ चा 'इनसाइड' तीन-चार तासांत पुरा होतो, त्यात एक शब्दही बोललेला नाही, आणि त्यातला मुलगा पळताना त्याचं वजन कळतं. हे मी माझ्या सवयीनं सांगतेय हे खरं, पण एक गेम शेवटपर्यंत नेल्याचा अनुभव तुला आत्ता फार गरजेचा आहे. आणि खांबांवर चढणं, भिंतीवरून पळणं आवडणार असेल तर पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली काढलेला 'राजी' घे. देव, असुर आणि भावाला शोधणारी एक मुलगी, असा आपल्या मातीतला गेम आहे.

कॅफेतले ते तिघं आज कुठं आहेत? एखादा पुण्यात, एखादा बंगळूरला, एखादा इथंच उद्यमनगरात असेल. फोन कर. आठवड्यातला एक वार ठरवा, तुझ्या शिफ्टप्रमाणे. कोणता गेम ते तेव्हा बघाल. अर्धा वेळ गप्पांतच जाईल, जाऊ दे.

राहिली बायको. "वय झालं" असं ती म्हणाली, पण तिनं आजवर काय पाहिलंय? रात्री बंद खोलीत एकटा बसलेला आणि दोन तासांनी वैतागून उठणारा नवरा. 'ओव्हरकुक्ड' नावाचा गेम आहे, २०१६ चा. चौघांपर्यंत माणसं एकाच टीव्हीसमोर बसून स्वयंपाकघर चालवतात. एक कांदा चिरतो, एक भांडी धुतो, ऑर्डरी येत राहतात, कुणीतरी तवा जाळतं आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. त्यात ती तुला हरवेल असं मला वाटतं. वहिनींनाही बसवा, पुतण्यालाही. फक्त एक अडचण आहे. प्लेस्टेशनबरोबर कंट्रोलर एकच येतो. नऊ गेम घेतल्याचं तू लिहिलंस, दुसरा कंट्रोलर घेतल्याचं पत्रात कुठं दिसलं नाही. एका नव्या गेमच्या जवळपास त्याची किंमत आहे. दहावा गेम घ्यायला निघाला असशील, तर त्या पैशांत आधी तो घेऊन ये.

— ताई